एकदा ऐकायचं, दोनदा म्हणायचं

८ नोव्हेंबर

रोज पाच ओळी लिहायच्या असं फोनवरच्या धड्यात सांगितलं. चूक झाली तरी चालेल, पण असं लिहा की अनोळखी माणसाला कळलं पाहिजे.

मी अन्नपूर्णा. पैठणजवळच्या गावात आठवीपर्यंत शिकले, मग लग्न होऊन इथे काशीत, रामघाटावर आले. घरात आता सासरे, म्हणजे अप्पा, मी आणि माझी मुलगी मैत्रेयी. ती आठ वर्षांची. आज दुधीची भाजी केली. अप्पांना कण्या.

पाच झाल्या. जास्त झाल्या बहुतेक.

९ नोव्हेंबर

काल ह्यांच्याबद्दल लिहायचं राहिलं. पितृपक्षात गर्दी होती, ताप अंगावर काढला. दुसऱ्यांची श्राद्धं करत राहिले. डेंगू निघाला. घट बसायच्या दिवशी गेले.

इथे कोणी वारले म्हणत नाही. मुक्त झाले म्हणतात. अप्पा म्हणाले, "सूनबाई, काशीत रडायचं नाही. रडलं की जाणारा अडकतो." मी नाही रडले. मैत्रेयीला त्या दिवशी समोरच्या घरातल्या रुचाकडे ठेवलं होतं. आल्यावर अप्पांनी तिला जवळ घेऊन सांगितलं, "बाबा मुक्त झाले हं." ती बरं म्हणाली.

१० नोव्हेंबर

मैत्रेयीच्या शाळेतून बोलावलं होतं. मॅडम म्हणाल्या, "बच्ची बोलती ही नहीं. हाजिरी में यस मैम भी नहीं. टिफिन खोलकर बैठी रहती है, खाती नहीं." म्हणाल्या सध्या घरी ठेवा, एप्रिलला आणा, टेस्ट घेऊ, जमलं तर चौथीत बसवू.

येताना गलीत सांड आडवा उभा होता. दोघी थांबलो. तो हलेना. मैत्रेयीने माझा पदर घट्ट धरला होता, एवढंच आठवतं. किती वेळ उभ्या होतो कोण जाणे.

घरीसुद्धा ती बोलत नाही फारसं. पाणी, भूक, नको. एवढंच.

११ नोव्हेंबर

हिमानीताईंचा फोन आला, नागपूरहून. ह्यांची थोरली बहीण, बँकेत आहेत. मूलबाळ नाही.

"अन्नपूर्णा, शाळेतून काढलं म्हणे मैतूला?"

"काढलं नाही ताई. घरी ठेवा म्हणाले."

"तेच ते. हे बघ, मी काही वैरीण नाही तुझी. पण तू आठवी पास, अप्पांना वेदाबाहेर काही दिसत नाही. पोरीचं काय होणार त्या गल्लीत? मी नेते तिला. इथे चांगली शाळा आहे, घराजवळ."

मी हो पण नाही म्हटलं, नाही पण नाही.

मग अप्पांनी फोन घेतला. ठरलं असं की ताई गुढीपाडव्याला येतील, मैत्रेयीला तिसरीचं विचारतील. आलं तर ती इथे राहील, इथल्या शाळेत जाईल. नाही आलं तर नागपूर.

अप्पांनी मला विचारलं नाही. विचारलं असतं तरी काय बोलले असते.

हात थंड पडलेत तेव्हापासून. फुलका उलटताना बोट तव्याला लागलं, ते नंतर फोड बघून कळलं.

१४ नोव्हेंबर

रुचा आली होती. ती युनिव्हर्सिटीत शिकते, बडबडी आहे. पाच ओळींचा धडा आहे ती साइट तिनेच ह्यांच्या फोनवर लावून दिलेली. तिला ताईंचं सांगितलं.

"अहो वहिनी, मग घाबरता कशाला? तिसरी काय, पीएचडीपर्यंतचं आहे ह्याच्यात. बघा ना. गणित, विज्ञान, इंग्लिश, भूगोल, हे बघा तबला, हे शिलाई. सब फ्री है."

"फुकट? मग देतं कोण?"

"कोणीही. मास्तर लोक, सरकार, असेच कोणी. मनात आलं, टाकलं."

मला खरं वाटेना. पण मग वाटलं, अन्नक्षेत्रात फुकट जेवायला बसतो तिथे तरी कोण विचारतं? कोणा शेठने कधी ठेवून दिलंय, पान वाढतात, आपण जेवायचं. तसंच असेल.

अप्पांना भीत भीत विचारलं. ते रागावतील वाटलं. नाही रागावले. म्हणाले, "विद्या विकायची नसतेच. मी कधी घेतला पैसा शिष्यांकडून? बरोबर आहे त्या लोकांचं." मग म्हणाले, "पण ह्या डब्यातला गुरू समोर बसून चूक कशी पकडणार?"

ते माझ्या डोक्यातच नव्हतं आलं.

१६ नोव्हेंबर

अप्पांनीच मार्ग काढला. ते चाळीस वर्षं वेद शिकवत होते, शेजारच्या पाठशाळेतली मुलं अजून येतात चूक विचारायला. म्हणाले, "संथा द्यायची. शिकायचं म्हणजे संथाच. गुरूने एकदा म्हणायचं, शिष्याने दोनदा. डबा एकदा म्हणेल, मैत्रेयी दोनदा म्हणेल, चूक मी पकडीन. अक्षर इकडचं तिकडे होता कामा नये."

मी फोन धरायचा, एक वाक्य झालं की थांबवायचं. ते माझं काम.

सकाळी बसलो. फोन म्हणाला, नमस्कार बच्चो. मी थांबवला. बाहेर पाठशाळेतल्या मुलांचा आवाज येत होता, नेहमीचा.

मग तिने म्हटलं. नमस्कार बच्चो. नमस्कार बच्चो.

किती दिवसांनी आवाज ऐकला तिचा. मी फोनकडेच बघत राहिले. वाटलं, तिच्याकडे बघितलं तर थांबेल.

१ डिसेंबर

जलचक्र झालं. पाढे चालू आहेत. मैत्रेयीची बुद्धी तिच्या बाबांसारखी आहे, एकदा बसलं की बसलं. धडा ज्या सुरात तसाच म्हणते, मास्तर खाकरतात तिथे खाकरते. अप्पा खूष आहेत. मैत्रेयी मान वर, मान खाली, पाठशाळेतल्या मुलांसारखी हलवते.

सातच्या पाढ्यात मास्तर चुकले होते. "सात अट्ठे चौवन, सॉरी, छप्पन." ती तसंच म्हणते. सात अट्ठे चौवन सॉरी छप्पन. मी म्हटलं, अप्पा, सॉरी काढू का? ते म्हणाले, "गुरुमुखातून आलं ते आलं. आपण कोण काढणारे?"

खरंय. मी कोण.

मधे जाहिरात येते केस गळण्याची, ती पण पाठ झाली तिला. आणि शेवटी लाइक करा, सब्सक्राइब करा, ते पण. सगळं पाठ आहे. ताईंना दाखवायला हवं.

९ डिसेंबर

फोन आला. साताऱ्याचे यजमान, फेब्रुवारीत येणार आहेत, वडिलांचं श्राद्ध करायचंय. "दिनानाथ गुरुजी आहेत का?"

मी म्हटलं, बाहेर गेलेत. परवा येतील.

असे फोन येतात. मी असंच सांगते. दुसरं तोंडातून निघत नाही. मागे एकदा ठरवून बसले होते की खरं सांगायचं, तरी निघालं बाहेर गेलेत. ते लोक परत करतात फोन, मी परत तेच सांगते. कधी परवा, कधी पौर्णिमेला.

मैत्रेयीला फोनच्या आवाजाचा त्रास होतो बहुतेक. फोन वाजला की धडा सोडून माझ्या तोंडासमोर येऊन बसते. मी बोलून झालं की उठून जिन्यात जाते. मी रिंग बारीक केली आहे.

२० डिसेंबर

अप्पांच्या गोळ्या बदलल्या. एक अर्धी घ्यायची, दुसरी पाव. दुकानदार म्हणाला, "कैसे काटिएगा, छोटी है." मी म्हटलं, अर्धी करायची, मग अर्ध्याची अर्धी. त्याने बघितलं माझ्याकडे. अपूर्णांकाचा धडा ऐकून ऐकून कानात बसलाय, त्यातलं असेल. मला काही येत नाही तसं. मी नुसता फोन धरते.

२ जानेवारी

धुकं. घाट दिसत नाही, गंगा दिसत नाही. बरंच आहे. मी तशीही उतरत नाही खाली.

अप्पांचं धोतर तीन दिवस वाळत नाही. मैत्रेयी दोरीखाली उभी होती धोतराकडे बघत. मी म्हटलं, "हवेतच पाणी भरलंय गं, ती आणखी कुठे घेणार? ऊन पडलं की हवेला जागा होईल, मग वाळेल."

ती माझ्याकडे बघत राहिली. काहीतरी विचारेल असं तोंड केलं. मग अप्पांनी हाक मारली, संथेला गेली.

हे धड्यात नव्हतं. चुकीचं सांगितलं की काय, भीती वाटली. अप्पांना सांगितलं नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. आम्हाला वर्षभर सण नाही. रुचाच्या आईने तिळगूळ दिला तो मैत्रेयीने खाल्ला नाही. कागदात बांधून देवाच्या फळीवर ठेवला, बाबांच्या जपमाळेच्या गोमुखीपाशी. नैवेद्य दाखवला असेल. गुणी आहे.

दारातली ह्यांची चप्पल कोणीतरी रोज सरळ करून ठेवतं. मला वाटलं अप्पा. अप्पा नाहीत, मैत्रेयी आहे. मधे स्वच्छतेचा धडा केला होता, वस्तू जागच्या जागी ठेवा, त्याचा गुण आला. फडक्याने पुसते पण.

२८ जानेवारी

रुचा म्हणाली, "वहिनी, रागवू नका, पण तिला समजतं का हो? मी विचारलं पाणी उकळल्यावर काय होतं, तर तिने नमस्कार बच्चोपासून सुरू केलं. अख्खं म्हटलं. मधली जाहिरातसुद्धा. मला हसावं का रडावं कळेना."

मी अप्पांना विचारलं. अप्पा म्हणाले, "मधून कसं सांगेल? मंत्र मधून सुरू होतो का? सुरुवातीपासून म्हटलं की ती जागा येते. अर्थाची घाई कसली? आधी पाठ, अर्थ मागून येतो. मला म्हणशील तर चाळिशी उलटली तेव्हा आला."

माझ्या जिवाला बरं वाटलं. पण मैत्रेयीला चाळिशीपर्यंत वेळ कुठे आहे. पाडव्याला ताई येणार.

१५ फेब्रुवारी

शिवरात्र. गर्दी. गलीत पाऊल ठेवायला जागा नाही. मैत्रेयीने माझा हात धरून ओढलं, रांग बघायला. तिला कधी गर्दी आवडत नाही, म्हणून मी गेले. भिंतीला टेकून उभी राहिली, एकेका माणसाचं तोंड बघत. पांढरं धोतर दिसलं की टाचा वर करायची. उन्हात डोकं तापलं तरी हलेना.

परत आणलं तर रात्री जेवली नाही. ऊन लागलं असेल.

२३ फेब्रुवारी

साताऱ्याचे यजमान आले. दारातच उभे. मला पुढे जाववलं नाही. अप्पांनी त्यांना बाहेरच्या बाहेर घाटावर नेलं, स्वतः केलं सगळं, काठी टेकत. आल्यावर अप्पा म्हणाले, "त्या लोकांना माहीत नव्हतं. तू सांगितलं नव्हतंस?"

मी म्हटलं, राहून गेलं.

त्यांनी पाय धुतले आणि बसले.

१० मार्च

आता सगळं झालं. विज्ञान झालं, गणित झालं, इंग्लिशचे धडे, भूगोलातलं उत्तर प्रदेश. सुरुवात करून दिली की मैत्रेयी सकाळभर थांबत नाही. अप्पा मांडीवर बोटं मोजतात, डोळे मिटून. म्हणाले, "दिनानाथाला एवढं लवकर नव्हतं आलं." मग उठून बाहेर गेले.

मी ऐकते आणि हातातली कामं भराभर होतात. ताई काय विचारायचं ते विचारू देत.

१८ मार्च

हिमानीताई आल्या. दारात चप्पल बघून थबकल्या. मग आत आल्या आणि मैत्रेयीला कवटाळलं. "किती गं बारीक झालीस! आई जेवायला घालते की नुसते फोन दाखवते?" माझ्याकडे बघून म्हणाल्या, "गंमत करते गं. तू काय कमी बारीक झालीस."

माझ्यासाठी साडी आणलीय, फिकट. मैत्रेयीला दप्तर. दप्तरावर नागपूरच्या शाळेचं नाव आहे. म्हणाल्या, "तिथे सगळ्यांना हेच लागतं म्हणून घेतलं, ठरलंय असं नाही हं."

ते दप्तर मी खुंटीला लावलं. येता जाता दिसतं.

१९ मार्च

पाडवा. गुढी नाही. जेवणं झाल्यावर ताई म्हणाल्या, चल मैतू, बसू या.

मैत्रेयी मांडी घालून बसली, हात गुडघ्यावर. अप्पा भिंतीला टेकून. मी चौकटीत.

"विज्ञान घेऊ या का? जलचक्र येतं?"

मैत्रेयीने सुरू केलं. नमस्कार बच्चो, कैसे हैं आप सब. ताई हसल्या, कौतुकाने. ती म्हणत गेली. सूरज की गर्मी से, भाप बनकर, खाकरली, पुढे. अप्पांची मान हलत होती. मला वाटलं झालं, जिंकलो.

मग केसांची जाहिरात आली.

ताई म्हणाल्या, "हे काय?"

मैत्रेयी थांबली नाही. सिर्फ सात दिन में असर देखिए. मग परत ढग, मग पाऊस.

"अप्पा, ही जाहिरात म्हणतेय!"

"मधे थांबवू नकोस," अप्पा म्हणाले. "पाठ तुटतो."

ताईंनी ऐकलं. सगळं ऐकलं, लाइक करा पर्यंत. मग हळू आवाजात म्हणाल्या, "छान. आता मला सांग, आईने सकाळी साडी वाळत घातली, ती वाळली. त्यातलं पाणी कुठे गेलं?"

मैत्रेयीने अप्पांकडे बघितलं.

मला माहीत होतं. ओठ हलले माझे. पण मी कशी सांगणार, विचारलं तिला होतं.

"बरं, सात आठे?"

"सात अट्ठे चौवन सॉरी छप्पन."

ताईंना हसू फुटलं. पदर तोंडावर घेतला तरी खांदे हलत होते. अप्पा पण हसले, बोळक्या तोंडाने. किती दिवसांनी ह्या घरात कोणी हसलं. मैत्रेयी सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होती. तिला वाटलं बरोबर आलं.

मग ताईंनी डोळे पुसले आणि तिचा हात हातात घेतला. "मैतू, पुस्तकातलं राहू दे. तुला माझ्याबरोबर नागपूरला यायचंय का?"

तिने हात सोडवून परत गुडघ्यावर ठेवला. मग म्हणाली, "इस सवाल का जवाब सोचिए और कमेंट में लिखिए."

ह्यावर कोणी हसलं नाही.

ताई उठून छतावर गेल्या. खाली आल्या तेव्हा नाक लाल होतं. म्हणाल्या, "परवाची गाडी आहे. हिचं पण तिकीट मी आधीच काढून ठेवलंय. अन्नपूर्णा, तू मेहनत घेतलीस, मी नाही म्हणत नाही. पण पोरीचा पोपट झालाय गं."

अप्पा म्हणाले, "चूक तिची नाही. चूक माझी. मी अक्षरं तपासली."

मी भांडी घासली. सगळी घासली, मग स्वच्छ होती ती पण घासली.

२० मार्च

तिचे फ्रॉक धुतले. दोरीवर घातले. ऊन चांगलं आहे, भराभर वाळले. ताई सांगत होत्या की सुट्टीत आणीन, दिवाळीला आणीन, रोज फोनवर दाखवीन. मी हो हो म्हणत होते. माझा आवाज दुसऱ्या खोलीतून यावा तसा येत होता.

नाही म्हणायचं होतं. नाही म्हणायला काय लागतं, एक शब्द. तो पण पाठ नाही मला.

२१ मार्च

आज सगळं लिहायचंय. पाच ओळीत होणार नाही.

गाडी संध्याकाळची होती. सकाळी मी मैत्रेयीचे कपडे नव्या दप्तरात भरत होते, ती जवळ बसली होती. ताई बाहेरच्या खोलीत अप्पांपाशी. फोन वाजला. कोणी बाई, बोरिवलीच्या, वैशाखात येणार. दिनानाथ गुरुजी आहेत का?

मी म्हटलं, बाहेर गेलेत. परवा येतील.

फोन ठेवला. मैत्रेयीने दप्तरातून फ्रॉक बाहेर काढला. मी परत आत ठेवला. तिने परत काढला.

मी म्हटलं, "असं काय करतेस? आत्या वाट बघतायत."

ती म्हणाली, "बाबा परवा येणार आहेत ना? मग मी आज कशी जाऊ?"

मला आधी कळलंच नाही. एवढं लांब वाक्य ती बोलली, हेच डोक्यात फिरत होतं. मग कळलं. चप्पल कळली. तिळगूळ कळला. रांग कळली. जिना कळला. सगळं एकदम नाही, एक एक करून, घड्या घालाव्या तसं.

ती बघत होती, फोन वाजला की बघते तशीच, माझ्या तोंडाकडे.

मी म्हटलं, "मैतू, बाबा बाहेर नाही गेलेले. मी खोटं सांगते लोकांना. बाबा वारले."

ती म्हणाली, "बाबा वारले. बाबा वारले."

संथेची सवय. पण दुसऱ्यांदा म्हणताना मधेच थांबली. अप्पांनी शिकवलंय मधे थांबायचं नाही, ती थांबली. मग विचारलं, "वारले म्हणजे मेले? मागच्या गलीतला कुत्रा मेला तसे?"

"हो."

"मुक्त म्हणजे पण तेच?"

"हो."

"मग सांगितलं का नाही?"

मी म्हटलं, "माहीत नाही गं."

मग ती रडली. मोठ्याने, घसा फाडून, गल्लीत ऐकू जाईल असं. मला वाटलं अप्पा येतील, काशीत रडायचं नाही म्हणतील. अप्पा आले. दारात उभे राहिले. त्यांच्या मागे ताई. ताई तिथेच जमिनीवर बसल्या आणि दिन्या, दिन्या रे करून हंबरडा फोडला. मी त्यांना त्या नावाने हाक मारताना कधी ऐकलं नव्हतं. अप्पा कोणालाच काही म्हणाले नाहीत. खांद्यावरचं उपरणं तोंडावर घेतलं आणि उभे राहिले काठी धरून.

मी मैत्रेयीला धरून होते. मला रडू आलं नाही. माझा फोड आलेला होता ना बोटाला, तिथे आज दुखल्यासारखं वाटलं. तो तर कधीच बरा झाला होता.

खूप वेळाने मी म्हटलं, "ताई, ती येणार नाही."

मी म्हटलं. माझाच आवाज होता, जवळून आला.

ताई नाक पुसत म्हणाल्या, "नेत नाही गं बाई. आता कशी नेऊ." मग म्हणाल्या, "पण ऐक. पाठ बंद. दर रविवारी मी फोन करणार आणि आडवेतिडवे प्रश्न विचारणार. तिला पण आणि तुला पण."

"मला कशाला?"

"परवा साडीचं विचारलं तेव्हा तुझे ओठ हलले. मी बघितलं."

संध्याकाळी रिक्षापर्यंत पोचवायला गेलो, अप्पा सोडून सगळे. ताई एकट्याच गेल्या. दप्तर ठेवून गेल्या. मैत्रेयीने त्यावरचं नाव नखाने खरवडायला घेतलंय.

२२ मार्च

ह्यांची चप्पल मैत्रेयीने आणि मी कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवली. तिळगूळ तिने फळीवरून काढला. मुंग्या लागल्या होत्या. झटकून खाल्ला.

२४ मार्च

बोरिवलीच्या बाईंना मी आपण होऊन फोन केला. नंबर फोनमध्ये होताच. म्हटलं, "दिनानाथ गुरुजी वारले. सप्टेंबरात. तुमचं काम अप्पा सांगतील कोणाकडे करायचं ते." त्या अरे रे म्हणाल्या, आणखी काय काय म्हणाल्या. मी ठेवला तेव्हा मैत्रेयी समोर बसलेली होती. ती उठून जिन्यात गेली नाही.

एप्रिलला टेस्ट आहे. मॅडम काय विचारतील, ही बोलेल का, भीती आहेच. ती काही गेली नाही.

आज परत बसलो. अप्पा म्हणाले मी नुसता ऐकीन, चूक काढणार नाही, आणि भिंतीकडे तोंड करून बसले. सावलीचा धडा होता. फोन मी धरला. मास्तर म्हणाले, दोपहर में परछाईं सबसे छोटी होती है. मी थांबवायच्या आत मैत्रेयीनेच बोट लावून थांबवला.

मी वाट बघितली दोनदा म्हणायची.

ती म्हणाली, "का?"

मला माहीत नव्हतं. अप्पांना पण नव्हतं, त्यांनी मान वळवली तेवढीच. मग आम्ही फोन तिथेच ठेवला आणि छतावर गेलो बघायला. ऊन डोक्यावर आलं होतं.